सव्वातीनचा फ्यूज

लागोपाठ चौथ्या दिवशी दुपारी सव्वातीनला दोन नंबरच्या खोलीतले पंखे बसले. शीतगृहाच्या छपरीत बटाटे निवडणाऱ्या बायकांचे हात थांबले, पोती उतरवणारे हमाल थांबले, आणि सगळ्यांनी एकदम वायरमनबाईकडे पाहिलं. जणू हिनंच फुंकर मारली असावी.

तिनं कोणाकडे पाहिलं नाही. खिशातला टेस्टर चाचपला आणि भिंतीच्या कडेकडेनं मागच्या पॅनेलच्या खोलीकडे निघाली. सावली म्हणून भिंतीची कड धरली होती, पण सावली होती वीतभर. जमीन चपलेतून चटके देत होती.

पॅनेलची खोली म्हणजे तीन बाजूंनी विटा, पश्चिमेला पत्रा आणि डोक्यावर पत्रा. त्यात गेल्या हिवाळ्यात मालकानं नवा कॉम्प्रेसर आणला आणि जागा नाही म्हणून नेमका त्या पत्र्याला खेटून बसवला. दोन नंबर खोलीचा गारठा ठेवायचा तर तिथली उष्णता कुठेतरी टाकायलाच हवी. ती तो कॉम्प्रेसर मोठ्या पंख्यानं दिवसभर त्या पत्र्यावर ओतत होता.

दाराची कडी हातानं धरवेना. तिनं डोक्याचा रुमाल सोडून हाताला गुंडाळला आणि दार उघडलं. आतली हवा तोंडावर आली तशी तिनं मान फिरवली. मग मेन बंद केला, टेस्टर लावून खात्री केली आणि मधला फ्यूज उपसला. चिनीमातीची जाडजूड नळी, दोन्ही टोकांना पितळी टोप्या. आत बारीक वाळू आणि वाळूत पुरलेली धातूची पातळ पट्टी. भार वाढला की ती वितळायची आणि लाइन तोडायची. एका टोकाची टोपी निळसर-जांभळी पडली होती. नवा फ्यूज ती बसवायला गेली तर तो धरून ठेवणाऱ्या चिमट्यात नुसता सरकून बसला. पूर्वी तळहाताचा जोर लावावा लागायचा.

मागून मॅनेजर छत्री घेऊन आला. तो आत शिरला नाही.

“झालं का बाई? रोज-रोज काय हे? वरात आल्यासारखा वेळेवर जातोय.”

“वेळेवर जातोय, म्हणूनच म्हणते त्याला कारण आहे.”

“कारण एकच. तुम्ही बारीक फ्यूज टाकता. मोठा टाका की.”

“तार त्रेसष्ट अँपिअरची आहे. शंभरचा फ्यूज टाकला तर फ्यूज टिकेल आणि तार जळेल.”

“तुम्ही म्हणता ते सगळं बरोबर,” मॅनेजर म्हणाला, “पण खोलीतला बटाटा तुमचं ऐकत नाही. त्याला मोड येतायत.”

वायरमनबाई म्हणजे मूळची वायरमनची बायको. सात वर्षांपूर्वी नवऱ्याचा उजवा हात भाजला, दोन बोटं कायमची ताठ राहिली, तेव्हा त्याची हत्यारांची पेटी हिनं उचलली. बाईमाणसानं खांबावर चढू नये असं पुष्कळ जण म्हणाले. मग त्यांचे स्वतःचे पंप बंद पडू लागले आणि त्यांची मतं एकेक करून बदलली. परवान्याची परीक्षाही तिनं दिली. पास झाल्याचं कळलं त्या दिवशी सासू म्हणाली होती, “आता घरात वायरमन दोन आणि दिवा एक.”

त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा दीर आधीच दारात बसलेला होता. हातपाय धुवायचीही सवड त्यानं दिली नाही.

“वहिनी, माझी दोनशे पोती आहेत दोन नंबरात. बियाणं आहे ते. मोड आले तर पुढच्या हंगामात मी जमिनीत काय पुरू, स्वतःला?”

“माहीत आहे भावजी. त्यातली निम्मी मीच मोजून आत ठेवलीत.”

“मग ऐका ना. तो पंपवाला म्हणतो, फ्यूजच्या जागी तांब्याची पट्टी टाकली की जन्माची कटकट मिटली. तो स्वतः यायला तयार आहे.”

“येऊ दे त्याला. दारात मी आहे.”

“हा हट्ट झाला!” दिराचा आवाज चढला. “चार लोकांत मला ऐकावं लागतं. तुझ्या भावजयीला एक फ्यूज धड बसवता येत नाही, म्हणतात.”

कोपऱ्यात नवरा शेंगा सोलत बसला होता. शेंग उजव्या हाताच्या ताठ बोटांखाली दाबायची आणि डाव्यानं फोडायची, अशी त्याची रीत. त्याचा हात थांबला.

“मीही टाकली होती,” तो म्हणाला.

“काय?”

“पट्टी. खडीच्या कारखान्यावर.”

वायरमनबाईनं हातातला तांब्या खाली ठेवला. सात वर्षं या घरात सगळ्यांना एकच गोष्ट ठाऊक होती: फ्यूज खराब निघाला आणि स्फोट झाला.

“तिथेही दुपारचा फ्यूज जायचा,” तो शेंगांकडेच बघत सांगू लागला. “मालक म्हणाला, आजचा दिवस चालव, उद्या बघू. मी हो म्हणालो. तिसऱ्या दिवशी मोटार अडकली. पट्टी काही वितळली नाही. मी स्विच ओढायला गेलो आणि सगळा डबाच तोंडावर आला. हात मधे होता म्हणून डोळे राहिले. चौकशीला आले तेव्हा मालकानं सांगितलं, वायरमननं स्वतःच्या मनानं टाकली. माझ्याकडे कुठे कागद होता?”

“सात वर्षं,” ती म्हणाली. “सात वर्षं मी तुमचं बटण लावतेय, आणि हे मला आज सांगता?”

त्यानं पुढची शेंग ताठ बोटांखाली दाबली. तिनं भांड्यांचा ढीग ओढला आणि इतक्या जोरात घासायला घेतला की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. दीर उठला, चपलेत पाय घालताना एकदा भावाच्या हाताकडे पाहिलं आणि निघून गेला. सासू आतून म्हणाली, “मला काही ऐकू आलं नाही बरं का.” म्हणजे अक्षर न् अक्षर ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता वायरमनबाईनं दोन नंबर खोलीच्या दारातला थर्मामीटर खुंटीवरून काढला आणि पॅनेलच्या खोलीत नेऊन टांगला. तारेला चिमट्यासारखा लावायचा मीटर तिनं तीनही तारांना लावून आकडे पाटीवर खडूनं लिहिले. अडीचला बावन्न डिग्री. तीनला अठ्ठावन्न. तारेतला करंट त्रेपन्न, म्हणजे फ्यूजच्या आकड्याच्या दहा खाली. तरी सव्वातीन वाजून चार मिनिटांनी आत वाळूत पुटकन आवाज झाला आणि पंखे बसले.

तिनं मेन बंद केला, घाम निथळत बाहेर आली तर समोर मालक उभा. त्याच्या मागे मॅनेजर, मॅनेजरच्या मागे पंपवाला, आणि पंपवाल्याच्या हातात कापून, घासून चकचकीत केलेली तांब्याची पट्टी. छपरीतल्या बायका आणि माल ठेवलेले आठ-दहा शेतकरीही मागोमाग आले. त्यांत दीर होता.

“बाजूला हो,” मालक म्हणाला.

“खरा फ्यूज पाच मिनिटांत बसवते मालक. खोली लगेच चालू होईल. पट्टी बसणार नाही.”

“उद्या परत जाणार तो.”

“जाणारच. फ्यूजच्या आतली पट्टी उष्णतेनं वितळते. करंटची उष्णता कोणती आणि खोलीची कोणती, हे तिला वेगळं कळत नाही. थंडीत याच पट्टीनं त्रेसष्ट पेलले. इथे अठ्ठावन्न डिग्रीत ती बिचारी पन्नासच्या वर गेली की हात टेकते. त्यात चिमटे ढिले झालेत, तिथे वेगळं तापतंय. हे बघा.” तिनं खिशातून चार दिवसांचे मेलेले फ्यूज काढून तळहातावर धरले. चारींचंही एकच टोक जांभळं होतं. “फ्यूज खोटा नाही. आपण त्याला भट्टीत बसवलंय.”

मालकानं फ्यूजकडे पाहिलंही नाही. “मला शाळा नको शिकवूस. नवऱ्यानं हात जाळून घेतला म्हणून तू मला घाबरवणार?”

मागे कोणीतरी फिसकन हसलं. वायरमनबाईच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ती दाराच्या चौकटीत आली आणि दोन्ही हात चौकटीला लावून उभी राहिली.

“ठीक आहे. बसवू पट्टी. तुम्ही लिहून द्या.”

“काय लिहून देऊ?”

“माझ्या हुकमावरून फ्यूजच्या जागी तांब्याची पट्टी बसवली आहे. पुढे जे होईल त्याला मी जबाबदार. खाली सही आणि तारीख. मॅनेजरसाहेब, पेन द्या.”

मॅनेजरनं सवयीनं खिशातलं पेन काढलं, मग मालकाचा चेहरा पाहिला आणि पेन परत खिशात घालावं की हातात ठेवावं हे त्याला समजेना.

“आणि बसवणाऱ्याचं नावही घाला,” ती म्हणाली.

पंपवाला पट्टी एका हातातून दुसऱ्या हातात घेऊ लागला. “माझं कशाला नाव?”

“बसवणार कोण आहे?”

“मी आपला मदतीला आलो होतो,” पंपवाला म्हणाला. “आणि खरं म्हणजे मला विहिरीवर जायचंय. तिथे माणसं खोळंबलीत.” तो गेलासुद्धा. चालीवरून तरी विहिरीला आग लागली असावी.

आता माणसं मालकाकडे बघायला लागली. त्याला ते आवडलं नाही.

“काय पाहिजे तुला?” तो म्हणाला.

“उद्या पहाटेपासून पाच तास खोली बंद. थंड वेळ आहे, दारं उघडली नाहीत तर आतला गारठा टिकतो. हा पत्रा काढायचा, कॉम्प्रेसरची झळ दुसरीकडे वळवायची, चिमटे बदलायचे, तीनही फ्यूज नवे.”

“आणि तरी उद्या सव्वातीनला गेला तर?”

“तर परवापासून मी बटाटे निवडायला बसेन.”

“घे पाच तास. पण परवा कशाला?” मालक म्हणाला. “तो फ्यूज बसव आणि आजच जाऊन बस. सवय होईल.”

तिनं फ्यूज बसवला, पंखे सुरू केले, आणि खरोखरच जाऊन बायकांच्या रांगेत बसली. पाठीवर सगळ्यांच्या नजरा जाणवत होत्या. निवडणाऱ्या बायकांची मुकादमीण अंगानं आडवी आणि तोंडानं फटकळ होती. तिनं सरकून जागा दिली.

“बस बाई. हिरवा पडलेला इकडे, कुजलेला तिकडे,” ती म्हणाली आणि डोळ्यानं मॅनेजरकडे दाखवलं. “आणि मोड आलेला छत्रीखाली.”

रांगभर हसू पसरलं. वायरमनबाईलाही हसू आलं, आणि हसताना डोळे भरून आले, ते तिनं मातीच्या हातांनीच पुसले.

पहाटे ती पेटी घेऊन निघाली तेव्हा नवराही मागून चालू लागला. परवा संध्याकाळपासून ती त्याच्याशी बोललीच नव्हती. शीतगृहाच्या मागे पोचली तर पत्र्याला शिडी लागलेली आणि दीर वर चढून नट सोडवत असलेला. त्यानंही फक्त मान हलवली.

पत्रा निघाला तशी खोलीत वारा शिरला. त्या जागी त्यांनी तारेची जाळी ठोकली. छपराचा पत्रा विटांवर वीतभर उचलला. निघालेलाच पत्रा वाकवून कॉम्प्रेसरच्या पंख्यापुढे असा उभा केला की झळ मोकळ्या मैदानाकडे जावी. मुकादमीण आणि दोघी-तिघी कामाची वेळ व्हायच्या आधीच आल्या आणि विटा देऊ लागल्या. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं.

पॅनेलचं काम मात्र वायरमनबाईनं कोणाला करू दिलं नाही. काळे पडलेले चिमटे तिनं काढले आणि नवे बसवले. तारांची टोकं मागे कापून स्वच्छ केली. एक नट कोपऱ्यात होता, तिथे हात जेमतेम पोचत होता.

“दहाचा पाना,” ती मागे न बघता म्हणाली.

नवऱ्यानं डाव्या हातानं पाना तिच्या तळव्यात ठेवला. “आवळून झाल्यावर अर्धा आटा अजून फिरतो का, परत बघ,” तो म्हणाला. “मी ते कधी बघत नसे.”

“बघते,” ती म्हणाली.

मॅनेजर छत्रीविना आला होता. “तीनही फ्यूज नवे कशाला? जातो तर एकच.”

“बाकीचे दोनही त्याच्याबरोबरच भाजलेत. रोज तापायचं, रोज निवायचं; आतली पट्टी थकते. एकाला बदललं की उद्या दुसरा जाईल आणि तुम्ही म्हणाल, बघा, बाईला जमलं नाही.”

मॅनेजर तसं म्हणणारच होता, म्हणून विटा मोजू लागला.

दहाच्या सुमाराला खोली चालू झाली. दुपारी सव्वातीनला छपरीत कोणीच काम करत नव्हतं. सगळे आपण काम करत आहोत असं दाखवत होते. साडेतीन वाजले. चार वाजले. पॅनेलच्या खोलीतला थर्मामीटर एक्केचाळीसवर होता, आणि फ्यूजच्या टोप्यांचा पितळी रंग जसाच्या तसा. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. मालक आला, जाळीतून येणाऱ्या वाऱ्यापुढे उभा राहिला आणि गेला. दोन दिवसांनी तो कोणालातरी सांगताना ऐकू आला, “मी ती खोली हवेशीर करून घेतली.” मुकादमीण म्हणाली, “घेतली खरी. विटा मी उचलल्या.”

सहा दिवस असे गेले. सातव्या दिवशी सकाळी साडेनऊला दोन नंबरचे पंखे बसले.

मॅनेजर जवळजवळ आनंदानं धावत आला. “गेला! म्हटलं नव्हतं? एवढी जाळीबिळी करून गेलाच शेवटी. टाका दुसरा, पटकन टाका.”

वायरमनबाई पॅनेलपुढे उभी होती. मेन बंद करून तिनं डब्यावर उलटा हात ठेवला. डबा गार होता. बाहेर ऊन अजून कोवळं होतं, कॉम्प्रेसर निम्म्या भारावर चालला होता. तिनं फ्यूज उपसले. एक नव्हे, दोन गेले होते. टोप्या पिवळ्याधमक होत्या, तापल्याची खूणही नव्हती.

“हा उगाच गेलेला नाही,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

तिनं उरलेला तिसरा फ्यूजही काढला, मेनला कुलूप घातलं आणि धावत सुटली. दोन नंबरच्या खोलीत अकरा बायका होत्या. माल बाहेर काढायचा दिवस होता. दाराशी लोखंडी पत्रा अंथरलेला, त्यावरून ढकलगाड्या जात-येत होत्या, आणि निवलेल्या हवेचं पाणी सगळ्या फरशीवर पसरलेलं. बायका अंधारात टॉर्च लावून उभ्या होत्या. निम्म्या अनवाणी.

“सगळ्या बाहेर या! एकेक. आत कोणी थांबू नका.”

त्या आल्या. मग ती गुडघ्यांवर बसली आणि लोखंडी पत्र्याचं टोक उचललं. हिवाळ्यात कॉम्प्रेसरबरोबर आणलेल्या नव्या पंख्यांची केबल मालकानं घाईघाईत त्याखालूनच नेली होती. चाकांखाली येऊन-येऊन ती चपटी झाली होती, आणि एका जागी वरचं रबर फाटून आतलं तांबं उघडं पडलं होतं. दोन तारा एकमेकींना चिकटून काळा डाग पडला होता. खाली पाणी, वर लोखंड.

मुकादमीण वाकून बघत होती. तिनं स्वतःच्या ओल्या पायांकडे पाहिलं, मग पत्र्याकडे.

“त्या दिवशीची पट्टी बसली असती तर?” तिनं विचारलं.

“तर लाइन तुटली नसती,” वायरमनबाई म्हणाली. “केबल जळत राहिली असती, आणि तुम्ही या पत्र्यावर उभ्या असता.”

मालक आला. त्यानं केबल पाहिली, आणि त्याचा रंग उतरला. पण मालकच तो. दोन क्षणांत सावरला.

“टेप गुंडाळ आणि चालू कर. दुपारपर्यंत माल तापेल.”

“टेप नाही. सगळी केबल नवी, आणि भिंतीवरून वर न्यायची. पत्र्याखालून नाही.”

“किती वेळ?”

“संध्याकाळ होईल.”

“एवढा वेळ नाही माझ्याकडे.” तो बायकांकडे वळला. “तुम्ही काय बघताय? पोती उचलायला वीज लागत नाही. आत चला.”

मुकादमिणीनं कोपऱ्यातलं रिकामं खोकं ओढलं, पालथं घातलं आणि त्यावर बसली. “बाईनं जा म्हटलं की जाऊ.”

“कामावर तुम्हाला मी ठेवलंय का तिनं?”

“तुम्हीच ठेवलंय. बटाटे काढायला.”

दुसरी बसली. तिसरी बसली. जिला खोकं मिळालं नाही ती जमिनीवर बसली. अकराही जणी बसल्या. मॅनेजरनं घड्याळ पाहिलं, छताकडे पाहिलं. शेतकऱ्यांत उभा असलेला दीर पुढे आला. त्याची दोनशे पोती आतच होती.

“वहिनी, किती मीटर लागेल?”

“चाळीस. जाड रबराची. आणि भिंतीवर ठोकायच्या पकडी.”

“मी जातो आणायला,” दीर म्हणाला. मग मालकाकडे वळला. “गाडी द्या.”

मालक एकदा दिराकडे, एकदा बसलेल्या बायकांकडे बघत राहिला. शेवटी त्यानं खिशातून किल्ली काढली, मॅनेजरच्या हातात कोंबली आणि कोणाकडेही न बघता म्हणाला, “घेऊन जा याला.”

केबल आली तेव्हा बारा वाजून गेले होते. वायरमनबाईनं शिडी लावली. नवरा खाली उभा राहून डाव्या हातानं केबल वर सोडत होता, दीर पकडी ठोकत होता. खोलीचं दार त्यांनी शक्य तितकं बंद ठेवलं. आतला गारठा हळूहळू कमी होत होता, पण होता. दुपारचं ऊन छपरीत येऊन गेलं. बायकांनी डबे सोडले आणि त्यातला एक तिच्यासाठी बाजूला झाकून ठेवला. तिला खायला वेळ मिळाला नाही.

दिवस कलताना तिनं शेवटचा नट आवळला, अर्धा आटा परत बघितला, मेनचं कुलूप काढलं. पंखे घरघरले आणि लागले. तिनं टेस्टर दाराला लावला, लोखंडी पत्र्याला लावला, रॅकच्या चारही खांबांना लावला. मग एकटीच आत गेली. ओल्या फरशीवरून थेट मागच्या भिंतीपर्यंत चालत गेली आणि तिथे उभी राहिली. बाहेरून तिची फक्त आकृती दिसत होती.

“नक्की ना बाई?” मुकादमिणीनं दारातून विचारलं.

“मी आत आहे ना,” ती म्हणाली. “या.”